व्यसन सोडताना ‘मनावर ताबा ठेव’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरी_पाटी

ड्रग्जच्या उपचारातून नुकतेच बाहेर पडलेले लोक आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहायची आहे. हाताशी असलेल्या मसुद्यात दोन वाक्यं पानोपानी येतात: ‘मनावर ताबा ठेवा’ आणि ‘इच्छा असेल तर मार्ग सापडतो’. वाचणाऱ्याने यावरून उद्या सकाळी उठून काय करायचं, ते मात्र कुठेच नाही. म्हणून इथल्या जाणकारांना तीन गोष्टी विचारते.

तलफ आली की त्या क्षणी काय करायचं, मिनिटांच्या हिशेबात सांगता येईल का? इच्छाच डळमळीत असेल, घरचे ‘त्यालाच सोडायचं नाहीये’ म्हणत असतील, तर काही करता येतं की वाट बघत बसायचं? आणि मध्येच एकदा घेतलं गेलं तर सगळं पाण्यात गेलं असं समजायचं का?

हेरॉइन-ब्राऊन शुगर, वेदनाशामक गोळ्या, कोकेन-मेथसारखी उत्तेजकं, गांजा असे सगळेच वाचक डोळ्यांसमोर आहेत. उपदेश नको आहे, कृती हवी आहे.

आडवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

तलफ ऐन भरात असताना मन आवरणं ही सगळ्यात अवघड वेळ असते. नशेशी जोडलेली एखादी खूण समोर आली, म्हणजे फॉइलचा तुकडा, ठरावीक गल्ली, एखाद्याची रिंगटोन, की विचार सुरू व्हायच्या आधीच मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा जागी होते. पुढचा फायदा-तोटा तोलणारा कपाळामागचा भाग दीर्घ वापरानंतर तसाही मंदावलेला असतो. त्यात झोप झालेली नसेल, पोट रिकामं असेल तर विचारूच नका. म्हणून ताब्याचं बरंचसं काम डोकं शांत असताना आधीच उरकून ठेवावं लागतं. रोजच्या मोहांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसतं: संयमी म्हणून ओळखली जाणारी माणसं मोहाशी झुंजत बसत नाहीत, ती मुळात त्याच्या वाटेलाच कमी जातात.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात केलेला अभ्यास इथे आठवावा. तिथे असताना पाचातला जवळपास एक जण अफूगटाच्या (अफू, हेरॉइनसारख्या पदार्थांच्या) व्यसनात होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. परत पाठवण्याआधी लघवीची तपासणी व्हायची, तीत सापडलेल्यांचं विषमुक्तीकरण केलं जायचं, हेही खरं. पण मोठा फरक जागेचा, सोबत्यांचा आणि माल सहज मिळण्याचा होता. आपल्या वाचकाला देश बदलता येणार नाही, पण त्याच घरात राहून माल आणि स्वतः यांच्यात अंतर वाढवता येतं.

फोनपासून सुरुवात करा. विकणाऱ्याचा नंबर पुसून भागत नाही. तो पाठ असतो, आणि समोरून फोन यायचा राहत नाही. नंबरच बदलायचा. नवा नंबर द्यायच्या माणसांची यादी कागदावर करायची, जुने ग्रुप सोडायचे, चॅट पुसायचे. पैसे पाठवायच्या ॲपमधली जुनी नावं हमखास विसरली जातात. तीही ब्लॉक करायची.

मग पैसा. पगाराचा दिवस आणि खिशातली रोख रक्कम हे मोठे ट्रिगर. पहिले तीन महिने रोजच्या खर्चापुरतेच पैसे जवळ, बाकीचे विश्वासातल्या माणसाकडे, ही व्यवस्था चालते, पण एका अटीवर: ती सोडणाऱ्याने स्वतः मागितलेली असावी, कागदावर असावी आणि संपण्याची तारीख ठरलेली असावी. घरच्यांनी परस्पर लादली की पोलिसगिरी सुरू होते आणि लपवालपवी वाढते.

सामान म्हणजे फॉइल, पाइप, सुया, रोलिंग पेपर, जॅकेटचे आतले खिसे, माळा, बाथरूममधली फट. हे आवरायचं काम दुसऱ्याने करावं, कारण त्या वस्तू हातात घेणं हीच तलफेला फुंकर असते. सुया असतील तर कचऱ्यात उघड्या टाकायच्या नाहीत, जाड झाकणबंद डब्यात घालून दवाखान्यात द्यायच्या.

आता ‘जर-तर’ची वाक्यं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेली ही पद्धत साधी आहे आणि पुस्तिकेत छान बसेल. ‘मी ठाम राहीन’ हा नुसता संकल्प झाला. त्याऐवजी: ‘जुना मित्र रस्त्यात भेटून चल म्हणाला, तर मी थांबणार नाही, “घाईत आहे” एवढंच बोलून चालत राहीन आणि पुढच्या कोपऱ्यावरून ताईला फोन लावीन.’ प्रसंग ठरलेला, पहिलं वाक्य ठरलेलं, पहिली हालचाल ठरलेली. अशी तीन-चार पुरेत, पंधरा लिहिली की एकही आठवत नाही. ती मोठ्याने म्हणून बघायची. तोंडातून नकार कधी बाहेरच पडला नसेल तर ऐनवेळी जीभ अडखळते.

एवढं करूनही तलफ येणारच. बहुतेक वेळा ती चढते, शिगेला पोहोचते आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत उतरायला लागते. तोवरचा क्रम असा सांगता येईल. पहिल्या मिनिटात तिला नाव द्यायचं, शक्यतो आवाज काढून: ‘तलफ आली आहे, दहापैकी सात.’ दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापर्यंत जागा सोडायची. खोलीतून बाहेर, रस्त्यावर, माणसांत, पाकीट मागे ठेवून. मग ठरलेल्या माणसाला फोन. तो नाही उचलला तर दुसरा, तिसरा. यादीत निदान तीन नावं हवीत. त्यानंतर शरीराकडे लक्ष: ती जाणवते कुठे? घशात कोरड, पोटात पीळ, तळहातांना घाम? श्वास लांब सोडत नुसतं बघायचं, ती वाढतेय का, सरकतेय का. दर पाच मिनिटांनी पुन्हा आकडा. सातचे आठ होतात, मग सहा, मग चार. ॲलन मार्लाट यांनी ही रीत रुजवली, तलफेच्या लाटेवर स्वार होणं अशा अर्थाचं तिचं नाव आहे. दोन-तीनदा आकडा उतरताना स्वतः पाहिला की ‘घेतल्याशिवाय ही जातच नाही’ हा समज सैल होऊ लागतो.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा तलफेशी वाद घालण्यात. ‘एकदाच घेतलं तर काय होईल?’ याला उत्तर शोधत बसलं की पाच मिनिटांत मन आपल्यापेक्षा हुशार वकील उभा करतं. दुसरी चूक त्याच खोलीत, त्याच खुर्चीत दात आवळून बसणं. तिसरी जरा छुपी: निरुपद्रवी दिसणारे निर्णय. ‘तो रस्ता जवळचा पडतो’, ‘त्याचे उसने पैसे परत करून येतो’. घसरण बऱ्याचदा इथून सुरू होते, तलफ जाणवायच्या आधी.

आणि कोकेनबद्दल एक गोष्ट जरूर लिहा. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, महिन्यांत खुणांमुळे पेटणारी तलफ कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. ‘महिना झाला, आता सुटलं’ म्हणत जुन्या जागी जाणाऱ्यांना हे माहीत नसतं.

दोन_खुर्च्या

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण ‘त्यालाच सोडायचं नाहीये’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. त्याला सोडायचंही असतं आणि धरूनही ठेवायचं असतं, दोन्ही एकाच दिवशी. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८० च्या दशकात बदलाच्या ज्या पायऱ्या मांडल्या (विचारच नाही, विचार सुरू, तयारी, कृती, टिकवणं) त्यांचा उपयोग एवढाच की कोणत्या पायरीवर काय बोलायचं ते कळतं. माणूस त्यांच्यावर खालीवर करत राहतो. सोमवारी तयारी, गुरुवारी विचारच नाही. त्याला ढोंग म्हणू नका.

डळमळीत माणसासमोर आपण सोडण्याच्या बाजूने बोलायला लागलो की तो आपसूक उरलेली बाजू उचलतो. आपण म्हणतो ‘तब्येत बघ’, तो म्हणतो ‘एवढंही काही झालेलं नाही’. प्रत्येक वेळी तो स्वतःच्या तोंडाने न सोडण्याची कारणं घोकतो आणि ती पक्की होत जातात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली मुलाखतीची पद्धत याच्या उलट चालते. सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून यावीत. त्यातला एक प्रश्न घरच्यांनाही जमण्यासारखा आहे:

‘सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग.’
‘चार.’
‘चार? मग एक का नाही म्हणालास?’
‘…पोरगी विचारायला लागलीये, बाबा दिवसा का झोपतो म्हणून.’
‘तिला कळायला लागलंय, आणि ते तुला टोचतंय.’

आणि इथे थांबायचं. ‘बघ, मग सोड ना!’ हे जिभेवर येईल, ते गिळायचं. ‘चारच? दहा का नाही?’ असं विचारलं असतं तर न सोडण्याची सहा कारणं ऐकायला मिळाली असती. सगळा फरक ‘एक का नाही’ मध्ये आहे.

हाच प्रश्न दुसऱ्यांदा ‘जमेल असं किती वाटतं?’ म्हणून विचारायचा. महत्त्व नऊ आणि भरवसा दोन असेल तर त्याला आणखी कारणं ऐकवून काही होणार नाही, त्याला आडवाट यांनी सांगितलेली व्यवस्था हवी. उलट महत्त्व दोन आणि भरवसा नऊ म्हणजे ‘मी कधीही सोडू शकतो’ वाला. तिथे योजना पुढे करू नका, गप्पा महत्त्वावर ठेवा. कोणत्या बाजूला बोलणं झुकतंय ते शब्दांवरून कळतं: ‘पाहिजे खरं’, ‘जमलं तर बघू’ ही सुरुवात, ‘सोमवारी डॉक्टरांकडे जातो’ ही पुढची पायरी. दिवस आणि कृती आली की लगेच विचारायचं, ‘किती वाजता? सोबत येऊ का?’

वाट बघत बसायची गरज नाही. घरच्यांना शिकवून माणसाला उपचारापर्यंत आणण्याची एक पद्धत रॉबर्ट मायर्स यांनी तयार केली. उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या कुटुंबांवरच्या १९९९ च्या अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के आली. ‘तुम्ही त्याच्यापासून मनाने वेगळे व्हा’ असं सांगणाऱ्या गटात १३ टक्के. कृती अशी: तो शुद्धीवर असताना सोबत, गप्पा, आवडीचं काम. नशेत असताना भांडण न करता उठून जायचं, ‘उद्या बोलू’ म्हणून. नशेचे परिणाम झाकायचे नाहीत, म्हणजे कामावर खोटा फोन करायचा नाही, उधारी भागवायची नाही. आणि उपचाराचा विषय तो स्वतः पस्तावलेला असताना काढायचा, तेव्हा भेटीची वेळ त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची आधीच ठरवून ठेवलेली असावी. ही खिडकी काही तासांची असते. ‘पुढच्या आठवड्यात नंबर लागेल’ म्हणेपर्यंत ती बंद होते. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा, बाकीचं नंतर.

इच्छा ही प्रवेशाची अट समजू नका, एवढं पुस्तिकेत ठळक लिहा. घरच्यांच्या किंवा कोर्टाच्या दबावाने आलेल्यांनाही उपचाराचा फायदा होऊ शकतो, इच्छा वाटेतही तयार होते. दबाव म्हणजे डांबून ठेवणं, साखळी, मारझोड नव्हे. तो छळ आहे, आणि त्यातून सुटलेला माणूस पुन्हा मदत मागायला कुणाच्या दारात उभा राहत नाही.

रात्रपाळी

वरचं सगळं मान्य. पण पुस्तिका हेरॉइन आणि वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्याही हातात जाणार असेल, तर संयमाच्या गोष्टीआधी औषधांची गोष्ट यायला हवी.

शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब सुरू झाले तर ते हेरॉइनचं विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास आहे. साधारण ४ ते १० दिवस चालतं. श्वासाकडे लक्ष देऊन ते जात नाही. इथे ‘मन घट्ट कर’ सांगणं म्हणजे माणसाला विनाकारण हरवणं आहे. विथड्रॉवल आणि तलफ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने, गरज असेल तर वर्षानुवर्षं घेणं हाच उपचार आहे. चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका निम्म्याच्या आसपास कमी होतो आणि घाईने बंद केलं की पुन्हा वाढतो. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं म्हणणारे नातेवाईक भेटतील, त्यांच्यासाठी एक परिच्छेद ठेवा. नाल्ट्रेक्सोन हे वेगळं औषध, अफूगटाचा असर अडवणारं. ते सुरू करण्याआधी ७ ते १० दिवस शरीर अफूगटापासून रिकामं हवं, नाहीतर तीव्र विथड्रॉवल उसळतं.

झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या (बेंझोडायझेपिन) आणि रोजची भरपूर दारू अचानक बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. निश्चय कितीही पक्का असला तरी डोस डॉक्टरच उतरवतील. उत्तेजकांसाठी असं खात्रीचं औषध नाही, तिथे समुपदेशन आणि बक्षिसाची पद्धत (न घेतल्याचं तपासणीत दिसलं की लगेच छोटं बक्षीस) हाच आधार.

तिसऱ्या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर: व्यसनात पुन्हा वापर होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं, रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत उपचार ढिले पडण्याच्या प्रमाणाजवळचं. औषध बदलायचं, व्यवस्था दुरुस्त करायची, पुढे चालायचं. पण एक धोका इथेच आहे. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हाताला मात्र जुना डोस पाठ असतो. तोच डोस श्वास थांबवतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवरचा २००७ मधला अभ्यास आहे: पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट. उपचार केंद्रातून घरी येण्याचा काळही याच कारणाने जोखमीचा.

म्हणून घरच्यांना नॅलोक्सोनची, म्हणजे अफूगटाचा ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाची माहिती द्या. माणूस हलवून उठत नाही, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी लक्षणं दिसली की आधी रुग्णवाहिका बोलवा, मग नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन जे शिकवलं असेल ते द्या, कृत्रिम श्वास देता येत असेल तर तो देत राहा, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा थांबू शकतो. शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवून घ्यायचं नाही.

कोरी_पाटी

खूपच कामाचं मिळालं, तिघांचे आभार. दोन शंका उरल्या. मसुद्यात ‘इच्छाशक्ती बॅटरीसारखी असते, वापरली की संपते’ असं आहे, ते ठेवू का? आणि घरचे लघवीची किट आणून तपासणी करतात, त्याबद्दल काय लिहावं?

आडवाट

बॅटरीचं वाक्य काढा. १९९८ मध्ये बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून ती कल्पना लोकप्रिय झाली, पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर एकच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. शिवाय ‘माझी शक्ती संपली’ ही संध्याकाळी घेण्यासाठी तयार सबब होते. त्याऐवजी चार अवस्था तपासायला सांगा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातली एक असेल तर आधी ती निस्तरायची, खायचं, झोपायचं, कुणाशी तरी बोलायचं. मोठे निर्णय त्यानंतर.

किटबद्दल: पकडायला म्हणून केलेली तपासणी दुसऱ्याची लघवी आणायला शिकवते. दोघांनी मिळून ठरवलेली असेल तर ती उपयोगी पडते, विशेषतः उत्तेजकांत. व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकात कोकेनसाठी बक्षिसाची पद्धत बसवली: आठवड्यातून दोन-तीनदा तपासणी, नमुना स्वच्छ असेल तर लगेच व्हाउचर, सलग स्वच्छ आले की किंमत चढती, दूषित आला की पुन्हा पहिल्या पायरीवर. ‘लगेच’ महत्त्वाचं आहे. व्यसनात दूरच्या मोठ्या फायद्यापेक्षा हातातला छोटा फायदाच मेंदूला खरा वाटतो, म्हणून वर्षाअखेरच्या मोठ्या भेटीपेक्षा आजचं छोटं बक्षीस जास्त काम करतं. आणि वाचण्यातली चूक टाळा: कोकेनचे अवशेष साधारण दोन-चार दिवस सापडतात, पण रोज भरपूर गांजा ओढणाऱ्याचा नमुना सोडल्यावरही कित्येक आठवडे दूषित येऊ शकतो. त्यावरून ‘पुन्हा ओढलास’ म्हणून आरोप झाला की प्रामाणिकपणे थांबलेला माणूस ‘मग थांबलो कशाला?’ असं म्हणतो.

दोन_खुर्च्या

तिसऱ्या प्रश्नात थोडी भर. मार्लाट यांनी दाखवलेली गोष्ट अशी की पहिल्या डोसइतकंच नुकसान त्यानंतरच्या विचाराने होतं: ‘नियम मोडलाच आहे, मी असाच, आता पूर्ण घेऊ.’ लाज वाटते, म्हणून लपवलं जातं आणि एका रात्रीचे तीन आठवडे होतात. म्हणून घसरल्यानंतरच्या २४ तासांची चौकट आधीच लिहून ठेवायची. उरलेला माल टाकून द्यायचा. एकटं राहायचं नाही, अफूगटाचं काही घेतलं असेल तर अजिबात नाही. एका माणसाला त्याच दिवशी सांगायचं, वाक्य तयार: ‘काल घेतलं, आज थांबायचंय, मदत हवी.’ ऐकणाऱ्याने पहिल्या तासात ‘का?’ विचारायचं नाही. चालू असलेलं औषध सोडायचं नाही, पण ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असेल तर पुढचा डोस कधी घ्यायचा ते आधी डॉक्टरांना विचारायचं. नशा उतरल्यावर, डोकं ताळ्यावर आलं की मागचे दोन दिवस तासातासाने कागदावर मांडायचे: कुठे होतो, कुणासोबत, झोप किती, पैसे कुठून, कोणता छोटा निर्णय आधी झाला. त्यातून एकच नवं जर-तर वाक्य काढायचं आणि जुन्या यादीतलं जे वापरलंच गेलं नाही ते खोडायचं.

ही चौकट पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नको, तिथवर कुणी पोहोचत नाही. सुट्या जाड कागदावर, पाकिटात मावेल अशी छापा. मागच्या बाजूला नावं आणि नंबर लिहायला तीन कोऱ्या ओळी ठेवा, त्या घरी पाठवण्याआधी समोर बसूनच भरून घ्या.